न मिळालेलं मेडल आणि सतीशचा गुडघा

फुटबॉलच्या टीमला दोन कोच लागतात, हे आमच्या पूर्णेत कुणाला सांगून पटायचं नाही. एक बॉलचा, दुसरा अंगाचा. मी अंगाचा. मोठ्या शहरांत त्याला स्ट्रेंथ कोच म्हणतात, आमच्याकडं ‘ते डंबेलवाले सर’. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो की कुणी ना कुणी विचारायचंच, “गंगाधर सर, तुमी बॉलला पाय लावत न्हाई, शिट्टी वाजवत न्हाई, गोल झाला तर उडी बी मारत न्हाई. मग तुमी करताव तरी काय?”

मी म्हणायचो, “पोरं पडू न्हाईत एवढं बघतो.”

गमतीनं म्हणायचो, पण धंद्याचं सार तेवढंच आहे. फुटबॉल दीड तास चालतो. पहिला तासभर सगळीच पोरं बरी खेळतात. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड झाले की खरी कसोटी लागते. पळता पळता गचकन थांबायचं, उलटं वळायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं. हा सगळा भार मांडी आणि कंबर सोसतात. ती थकली की भार येतो गुडघ्यावर, आणि गुडघा असली जबाबदारी घ्यायला बनलेलाच नाही. त्या वीस मिनिटांसाठी मांडी, कंबर आणि पोटरी तयार ठेवायची, यासाठी कॉलेज मला पगार द्यायचं. दंड फुगवणं या कामात बसत नाही, आणि पोरांना नेमकं तेवढंच पाहिजे असतं.

गावातल्या एका कापडवाल्याचा मुलगा टीममध्ये होता. एक दिवस कानाशी येऊन म्हणाला, “सर, तीन आठवड्यांत दंड पाहिजेत. साखरपुडा हाय.” मी म्हटलं, “देऊ की.” आणि त्याला रोज बैठकांवर धरलं. चौथ्या दिवशी गडी जिमखान्याच्या पायऱ्या बसून बसून उतरायला लागला. “सर, मी दंड मागितले व्हते, तुमी तर पाय काढून घेतलेत!” साखरपुड्यात त्याला पाटावर बसता येईना, आणि बसल्यावर उठता येईना. तरी लग्नाची पत्रिका मला आली, हे त्याच्या मनाचं मोठेपण.

बोरीकडचा एक मुलगा होता. दिवाळी झाली की त्याच्या घरचे ऊसतोडीला कारखान्यावर जायचे आणि तोही जायचा. परत आला की उजवा खांदा दणकट आणि डावा उपाशी. पण खांद्याचं मला काही वाटलं नाही. महिनोन्‌महिने वाकून कोयता चालवलेला माणूस पळताना पुरता सरळ होत नाही, पोटाकडची शीर आखडलेली असते. त्याला मी रोज वाळूच्या पोत्यावर उताणा झोपवायचो, हात डोक्यामागं टाकून. पोरं हसायची. दोन महिन्यांत तो असा पळायला लागला की हसणं आपोआप बंद झालं. त्यानं विचारलं, “सर, तुमाला कसं काय कळालं?” मी म्हटलं, “अनुभव.”

हा शब्द मी लय वापरला आयुष्यात. अनुभव म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. आणि विचारू नये हीच माझी इच्छा असायची, कारण माझा अनुभव होता मालधक्क्यावरचा.

मालधक्का म्हणजे रेल्वेच्या मालगाड्या रिकाम्या करायची जागा. खताचा नाहीतर सिमेंटचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, लागला की आम्ही हमाल मंडळी वॅगनमधून पोती काढून ट्रकमध्ये टाकायचो. ऐन उमेदीची वर्षं मी अशा एका लांबच्या स्टेशनवर काढली. वॅगन आणि ट्रकच्या मध्ये एक लाकडी फळी टाकलेली असते. पोतं पाठीवर घेऊन त्या फळीवरून जायचं. फळी लवते. पळायचं नाही आणि मध्येच थांबायचंही नाही, पाऊल पुरं टेकवायचं, गुडघा जरा वाकता ठेवायचा, बोजा घेताना श्वास सोडायचा. हे शिकवायला कुणी सर नव्हते. मुकादम शिव्या द्यायचा, त्यातून जे कळेल ते शिकायचं.

किसन माझा जोडीदार. आम्ही दोघं मिळून एक ट्रक धरायचो. गडी असा गमत्या की पोतं पाठीवर असताना गाणं म्हणायचा. एकदा फळीवर त्याचा पाय मुरगळला आणि गुडघा सुजला. दवाखान्यात फोटो काढला, डॉक्टर म्हणाले हाड ठणठणीत आहे. आठवड्यानं सूज उतरली. सपाट जमिनीवर किसन सरळ चालायचा, कुणाला काही कळायचं नाही. पण फळी उतरताना तो त्या पायाचं पाऊल बाहेर फिरवून टाकायचा. मी बघत होतो. म्हणालो, “किसन, गुडघ्याला अजून भरवसा न्हाई वाटायला तुज्या. थांब अजून.” तो म्हणाला, “लेका, हाड चांगलं हाय म्हणून डागदर सांगायलाय, तू कोण?” तिसऱ्या दिवशी पाठीवर पोतं असताना गुडघा आतून सुटला आणि तो फळीवरून खाली, ट्रक आणि वॅगनच्या मध्ये पडला. त्यानंतर किसन काठीशिवाय चालला नाही, आणि गाणं म्हणताना मी त्याला परत ऐकलं नाही.

गुडघ्याविषयी मला जे काही कळतं ते एवढंच. पुढं पुस्तकं वाचली, मोबाईलवर डॉक्टर लोकांची व्याख्यानं ऐकली. तेव्हा कळलं की हाडांना बांधून ठेवणारे दोर असतात आणि ते एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. पण ते नुसतं नाव कळलं. वस्तू मी आधीच बघितली होती.

मग कॉलेजात कसा आलो? धक्का सोडून पूर्णेला आलो आणि संध्याकाळी तालमीत जायला लागलो. तिथं पोरांना बैठका शिकवताना एका प्राध्यापकांनी बघितलं आणि जिमखान्याचं कुलूप उघडायला, लोखंड पुसायला म्हणून मला चिकटवलं. बारावी पास होतो, तेवढं पुरलं. पुढं आमच्या प्राचार्यांनी टीव्हीवर बघितलं की मोठ्या टीमला अंगाचा वेगळा कोच असतो. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, “गंगाधरराव, आजपासून तुम्ही कोच.” पगार तोच आणि कुलूपही मीच उघडायचो.

आता त्या मेडलचं सांगतो.

नव्या व्यायामशाळेचं उद्‌घाटन होतं. प्राचार्यांनी आदल्या दिवशी बजावलं, “ते मालधक्क्याचं कुणाला सांगत बसू नका. पालकांना बरं वाटत नाही. दुसरं काही आहे का सांगण्यासारखं?” दुसरं म्हणजे काय होतं? एकदा नांदेडला वेटलिफ्टिंगच्या राज्य स्पर्धा होत्या. लोखंडाच्या पाट्या दांड्याला चढवायला आणि काढायला त्यांना माणसं कमी पडली, म्हणून आम्हा चार हमालांना नेलं होतं. तीन दिवस मी स्टेजवर होतो. खेळाडू यायचा, वजन उचलायचा, टाळ्या घ्यायचा. आम्ही पाट्या बदलायचो. हाताच्या अंतरावरून मी शंभरएक माणसांची उचल बघितली. कोण कंबरेतून उचलतो, कोण मांडीतून, कुणाची टाच उठते, सगळं. असलं शिक्षण पैसे देऊन मिळत नाही.

उद्‌घाटनाला दिलीपराव आले होते. दिलीपराव म्हणजे आमच्या गावचे वार्ताहर. एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आणि त्याच दुकानातून पेपरचं काम. माणूस मनमिळाऊ, पण कायम घाईत. वही काढून म्हणाले, “बोला सर, पार्श्वभूमी?”

मी म्हणालो, “नांदेडच्या राज्य स्पर्धेत होतो मी.”

पुढचं अर्धं वाक्य होतं, पाट्या चढवायला. ते माझ्या तोंडातच राहिलं. पाहुणे आले, दिलीपराव तिकडं पळाले. मी त्यांच्या मागं जाऊन सांगू शकत होतो. गेलो नाही. खोटं कशाला बोलू, जावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘राज्य स्पर्धेतील पदकविजेते वेटलिफ्टर गंगाधर सर यांच्या मार्गदर्शनाखाली’. पदक कुठून आलं ते दिलीपरावांनाच माहीत. प्राचार्यांनी कात्रण लॅमिनेट करून व्यायामशाळेच्या भिंतीवर लावलं. त्याच महिन्यात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. निवेदकानं ‘सुवर्णपदक विजेते’ म्हटलं. स्टेजवर पाहुणे बसलेले, समोर गाव बसलेलं. आमच्याकडं सत्काराच्या वेळी उठून ‘हे चूक आहे’ म्हणणं म्हणजे सत्कार करणाऱ्याच्या तोंडात मारणं. मी हात जोडून बसून राहिलो. एकदा बसलो तो बसलोच. पुढच्या प्रत्येक बातमीत मागच्या कात्रणावरून ते मेडल येत गेलं.

खरं सांगतो, त्याचा फायदा झाला. आधी पोरं माझं अर्धं ऐकायची, आता मान खाली घालून ऐकायला लागली. पालक नमस्कार करायला लागले. मी खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली, मैदानावर दोन दगडांवर एक फळी टाकली आणि टीमला पाठीवर पोती देऊन त्यावरून चालवायला लागलो. प्राचार्य बघायला आले. “हे काय चालवलंय?” मी म्हटलं, “परदेशी पद्धत आहे सर.” त्यांनी ते दिलीपरावांना सांगितलं आणि पेपरात आलं, ‘पूर्णेच्या मैदानावर रशियन तंत्राचा सराव’. आमच्या मुकादमानं ते वाचलं असतं तर हसून हसून मेला असता. पण त्या सगळ्या वर्षांत शेवटच्या वीस मिनिटांत आमची एकही टीम ढिली पडली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

सतीश त्यातल्या शेवटच्या टीमचा. मधल्या फळीतला खेळाडू, असा चपळ की बॉल त्याच्या पायाला बांधल्यासारखा. त्याचे वडील नामदेवराव रेल्वेत ट्रॅकवर. उन्हातान्हात हातोडा खांद्यावर घेऊन रूळ तपासत चालायची नोकरी. त्यांची एकच इच्छा होती की पोरगा रेल्वेत लागावा, पण खेळाडूंच्या कोट्यातून, सावलीतल्या खुर्चीवर. त्यासाठी विद्यापीठाच्या टीममध्ये निवड पाहिजे होती. निवडीचे सामने नांदेडला होते. सतीशचं ते शेवटचं वर्ष. तिथं खेळला तर दार उघडणार, नाही तर नाही.

सामन्याच्या दोन आठवडे आधी सरावात त्याचा गुडघा मुरगळला. दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड चांगलं होतं. सूज उतरली. तो पळायला लागला, फुटबॉलचे सर खूष झाले. मी मात्र त्याला फळीवरून चालवून बघितलं. उतरताना त्यानं पाऊल बाहेर फिरवलं.

फळीवरून उतरणारा किसन मला समोर दिसला.

मी त्याला बाजूला घेतलं. “सतीश, नांदेडला खेळू नको. दीड-दोन महिने थांब. गुडघ्याचा आतला दोर गेलाय, नाहीतर जायच्या बेतात आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवू.”

तो घाबरला. “सर, डॉक्टर तर चांगलं म्हणायलेत. तुमाला कसं काय कळालं?”

“अनुभव,” मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरच्या कात्रणाकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. “तुमी म्हणताव तर थांबतो.” संध्याकाळी नामदेवरावांना घरी जाऊन सांगितलं. त्यांचं तोंड पडलं, पण तेही म्हणाले, “तुमी स्टेटचे माणूस. तुमचा शबुद मोडवत न्हाई.” मी निश्चिंत झालो. वर्ष गेलं तरी चालेल, पाय राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि त्याच आठवड्यात दिलीपरावांनी माझ्यावर दुसरी बातमी छापली.

झालं होतं असं की ते आता दुसऱ्या पेपरात गेले होते, आणि कॉलेजनं वर्धापनदिनाची जाहिरात त्यांच्या पेपराला दिली नव्हती. रागावलेला वार्ताहर काय शोधेल सांगता येत नाही. त्यांनी जुन्या विजेत्यांची यादी मिळवली. तिच्यात माझं नाव कुठून असणार? पहिल्या पानावर मथळा, ‘बोगस पदकाच्या जोरावर खेळाडूंच्या जिवाशी खेळ’. खाली माझा सत्कारातला फेटा बांधलेला फोटो. ना पदक, ना पदविका, हा माणूस कोण, असा सवाल. मालधक्क्याचं त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून ते काही आलं नाही.

मी त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. “दिलीपराव, मेडल तर तुमीच दिलं व्हतं!”

ते जरासे वरमले. मग म्हणाले, “सर, मी दिलं आसंल. पण तुमी घेतलाव कामून?”

मी तसाच दुकानातून बाहेर पडलो. सकाळपासून गाव माझ्याकडं बघून हसत होतं. हॉटेलात मी गेलो की बोलणं थांबायचं. कॉलेजनं खुलासा काढला की ती टंकलेखनातील चूक होती. त्यावर लोक अजून हसले. दुपारी व्यायामशाळेत एकटाच बसलो होतो, तेव्हा नामदेवराव आले. हातात पेपर. मागं सतीश.

“सर, ह्यात लिवलंय ते खरं हाय का?”

“मेडल माझं न्हाई,” मी म्हणालो.

“मग इतके वर्षं हे भिंतीवर काय लावलंय?”

मी समोरची डंबेल सरळ करत बसलो.

“डॉक्टर चांगलं म्हणायलाय. फुटबॉलचे सर म्हणतेत पट्टी बांधून खेळव. तुमी एकटेच न्हाई म्हणायलाव. आमी तुमच्या मेडलवर भरवसा ठिवला व्हता. आता सांगा, कशाच्या जोरावर माझ्या पोराचं वरीस बुडवायलाव?”

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. किसनचं नाव घ्यायला पाहिजे होतं. सगळं गेलंच होतं, लपवायला उरलं काय होतं? पण मी जन्माचा तापट. त्यात दिवसभराची फजिती. मला वाटलं, आता हमाल होतो म्हणून सांगितलं तर हेही हसतील. मी ताडकन उठलो.

“भरवसा नसंल तर पेपरवाल्याला विचारा. माझ्या दारात कामून आलाव? खेळवा न्हाईतर नका खेळवू, मला विचारू नका.”

नामदेवराव पेपरची घडी करून निघाले. सतीश जरा वेळ उभा राहिला. काहीतरी विचारायचं होतं त्याला, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. मी पाठ फिरवून पोती रचायला लागलो. मग त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला.

रविवारी नांदेडला सामना झाला. मला टीमबरोबर नेलं नाही, मी माझ्या पैशानं रेल्वेनं गेलो आणि मैदानाच्या कडेला, तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. सतीश पहिला तासभर असा खेळला की निवड करणारे वाकून वाकून वहीत लिहीत होते. मला वाटलं, चुकलो आपण. देवा शप्पथ सांगतो, मला वाटलं चुकलो, आणि बरं वाटलं. मग शेवटच्या भागात त्यानं बॉल छातीवर घेतला, उडी मारून एका पायावर उतरला, आणि वळला. गुडघा आत गेला. कुणी धक्काही दिला नव्हता. तो ओरडला तो आवाज कुंपणापर्यंत आला.

ऑपरेशन झालं. चालता यायला लागलं. पण धावणं संपलं, आणि खेळाडूंच्या कोट्याचं स्वप्नही संपलं. मी दवाखान्यात दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नामदेवराव रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

भिंतीवरचं कात्रण मी त्याच आठवड्यात काढलं. नोकरी मात्र चालू राहिली. कॉलेजला दुसरा माणूस त्या पगारात मिळाला नसता. पोरं हळूहळू परत ऐकायला लागली, कारण फळीवरून चाललं की पायांना फरक कळायचा. कुणी विचारलं, ‘कसं कळालं?’ तर मी सांगायचो, मालधक्क्यावर हमाल होतो. आश्चर्य म्हणजे कुणीच हसलं नाही.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी कोण यावं? दिलीपराव! केस पांढरे, चष्मा जाड, घाई तीच. “सर, मागचं सोडा. आता चांगली स्टोरी करू. खरी खरी पार्श्वभूमी सांगा.” मी सगळं सांगितलं. मालधक्का, किसन, नांदेडच्या पाट्या, आणि सतीश. दोन तास बोललो. सतीशचं आलं तेव्हा त्यांनी पेन थांबवलं. “निरोपाच्या बातमीत असलं वाईट कशाला, सर?”

बातमी आली, ‘पाठीवर पोतं ते गळ्यात शिट्टी : एका हमालाची गगनभरारी’. शिट्टी मी जन्मात वाजवलेली नाही. लिहिलं होतं की बालपणी मी उपाशीपोटी रेल्वेच्या दिव्याखाली अभ्यास केला. आमच्या घरी दोन वेळची भाकर होती आणि अभ्यास मी कुठल्याच दिव्याखाली केला नाही. किसनचा पत्ता नव्हता. आणि शेवटी, सरांनी घडवलेल्या खेळाडूंच्या यादीत दुसरं नाव होतं सतीशचं.

ते वाचून मला घरात बसवेना. यादीत त्याचं नाव, आणि मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडासमोर उभा राहिलो नव्हतो. पालमला त्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय असं ऐकलं होतं. सकाळची एस.टी. पकडून गेलो.

दुकान लहान, पण नीटनेटकं. सतीश भिंग लावून एक मोबाईल उघडून बसला होता. मला बघून हातातलं ठेवलं. “या सर. बसा.” अंग भरलं होतं त्याचं. रागाचं काही दिसेना, त्यामुळं मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

“बातमी बघितली का?” मी विचारलं.

“बघितली की. ग्रुपवर आली व्हती. माझं बी नाव हाय त्यात,” तो हसला.

“मी नव्हतं द्यायला सांगितलं.” मग एका दमात बोलून टाकलं, “सतीश, माझं चुकलं रे. मी ते मेडल घ्यायला नको होतं. ते नसतं तर पेपरवाल्यानं छापलं नसतं, आणि तू माझं ऐकलं असतंस. तुझा पाय माझ्या खोट्यानं गेला.”

त्यानं भिंग काढून ठेवलं. एक बाई चार्जर घ्यायला आली, तिला दिलं. मग म्हणाला, “सर, मेडलचं मला कायबी वाटलं न्हाई. वडलांना राग आला व्हता, मला न्हाई. मी तुमाला विचारलं व्हतं, कसं कळालं. तुमी अनुभव म्हणलाव. कशाचा अनुभव ते सांगितलंच न्हाई. पेपर आल्यावर मला वाटलं, मेडलच न्हाई तर अनुभव तरी कुठला असणार?”

“हमाल म्हणून सांगायची लाज वाटली.”

“मला परवा बातमीतनं कळालं तुमी धक्क्यावर व्हताव म्हणून.” त्यानं खाली बघितलं. “माझ्या आईचा बाप परभणीच्या धक्क्यावर हमाल व्हता, सर. त्याचा बी गुडघा असाच गेलता. ओट्यावर बसून असायचा, आई हाताला धरून न्यायची तवा उठायचा. माझं लहानपण त्याच्याजवळ गेलं. तुमी धक्क्याचं एक वाक्य बोलला असताव, तर मी बूट काढून तुमच्या हातात दिले असते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मग तिथंच, त्या स्टुलावर बसून, मी त्याला किसनचं सगळं सांगितलं. त्याचं गाणं, फळी, मुरगळलेला पाय, चांगलं निघालेलं हाड, मी थांब म्हणालो ते, आणि त्यानं ‘तू कोण’ म्हणून विचारलं तेही. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. सतीश त्यांना द्यायचं ते देत होता आणि कान माझ्याकडं ठेवून ऐकत होता. सांगून झालं तेव्हा त्यानं समोरचा मोबाईल बाजूला सारला.

“एवढंच तर सांगायचं व्हतं, सर,” तो म्हणाला.